कड्याखालची दोरी

ओडील पेटिक्वान सवाष्ण होती की विधवा, हे सादेच्या तळ्यावर कुणालाच सांगता आलं नसतं. तिचा नवरा लिअँडर फार वर्षांपूर्वी एका शरदातल्या दुपारी होडी घेऊन मासे धरायला गेला, तो परत आला नाही. होडी सापडली नाही, वल्हं सापडलं नाही, टोपीसुद्धा काठाला लागली नाही. त्याच आठवड्यात पाहुण्यांच्या लॉजवरची स्वयंपाकीण सामान बांधून पश्चिमेच्या गाडीत बसली होती. वस्तीनं दोन्ही गोष्टींची सांगड घातली आणि लिअँडर तिच्याबरोबर विनिपेग शहरात पळाला असं ठरवून टाकलं.

ओडीलनं कुणाशी वाद घातला नाही. मिशनच्या शाळेतून ती परत आली तेव्हा तिला आईबापांची भाषा अर्धीमुर्धीच उरली होती, आणि तेव्हापासून कमी बोलायची सवय लागली ती लागलीच. हिवाळ्यात सशांचे फास लावावेत, उन्हाळ्यात लॉजच्या पाहुण्यांना मासे धरायच्या जागा दाखवाव्यात, पानगळीच्या आधी तळ्यातला जंगली तांदूळ झोडपून आणावा, असं तिचं चाललेलं. बाई अंगानं सडपातळ, पण हात मात्र थोराड. हातांकडे पाहिलं तर पुरुषाचे वाटावेत.

तिच्या लोकांत, त्या तळ्याकाठच्या मूळ रहिवाशांत, एक रीत होती. नवरा गेला की बायकोनं वर्षभर केस साधे बांधायचे, नाचाला जायचं नाही, कुणाशी हसून बोलायचं नाही. वर्ष भरलं की नवऱ्याकडच्या माणसांनी जेवण करायचं, मेलेल्याचं ताट वाढून विस्तवात घालायचं, आणि त्या बाईचे केस विंचरून तिला नवे कपडे घालून सांगायचं, की बाई, आता तू मोकळी. हे नवऱ्याकडच्यांनीच करायचं. दुसऱ्या कुणी केलं तर त्याला अर्थ नाही. आणि लिअँडरच्या रक्ताचं माणूस उरलं होतं एकच, त्याची धाकटी बहीण हेस्टर.

"तो मेलेला नाही," हेस्टर म्हणायची. "मेलेल्याला जेवण घालतात. जित्या माणसाला घातलं तर तो मरतो. मी माझ्या दादाला मारू?"

"मग कुठे आहे तो?"

"असेल कुठेतरी. लाकूडतोड्यांच्या छावणीवर असेल. मुका झाला असेल, डोक्यावर झाड पडून सगळं विसरला असेल. आणि बाईसोबत असला तरी माझं काही म्हणणं नाही. जिवंत असला म्हणजे झालं."

"माझं म्हणणं आहे ना!"

"तुझं काय, वहिनी. तुला नवरा दुसरा मिळेल. मला भाऊ कुठून मिळणार?"

आईबाप साथीत गेले तेव्हा हेस्टरला धड चालताही येत नव्हतं, आणि एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना लिअँडर डोक्यावर होडी आणि पाठीवर ती, असं दोन्ही वाहून न्यायचा. हेस्टरनं लग्न केलं नाही. ती वहिनीच्या शेजारीच, हाक ऐकू येईल अशा खोपटात राहायची. तिचं तोंड म्हणजे पाण्याचा झरा, थांबणं माहीत नाही.

आणि रेल्वेच्या वळणावरच्या घरात हाल्वोर राहायचा. रूळ राखणाऱ्या टोळीचा मुकादम, नॉर्वेतून आलेला, पिवळ्या मिशांचा, एकटा माणूस. ओडील त्याला मासे नेऊन द्यायची आणि तो तिला कॉफी पाजायचा. एकदा त्यानं कप खाली ठेवून सरळ विचारलं.

"लग्न करशील माझ्याशी?"

"मला नवरा आहे," ओडील म्हणाली. मग थोडं थांबून, "किंवा नाही."

"मी वाट बघीन."

"गाडीची बघ. ती तरी येते."

तो हसला नाही. वाट मात्र त्यानं बघितली, आणि पुन्हा विषय काढला नाही.

अशा या दोघी, वहिनी आणि नणंद, एकमेकींवर धुसफुसत एकाच होडीतून मासेमारीला जायच्या. त्याला कारण होतं. सीडरच्या फळ्यांची, वरून कॅनव्हास मढवलेली ती निमुळती होडी एकट्या माणसाला नीट चालत नाही. मागे एकटं बसलं की पुढचं टोक वर उचलतं आणि वारा त्याला पानासारखा फिरवतो. पुढे वजन हवंच. लिअँडर गेल्यावर ओडील काही दिवस पुढे एक मोठा दगड ठेवायची. हेस्टरनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दगड काठावर टाकून स्वतः जाऊन बसली.

"दगड बडबड करत नाही," ओडील म्हणाली.

"पण दगड मासे साफ करत नाही," हेस्टर म्हणाली.

त्या धरायच्या तो मासा ओगा. पाठीवर जुन्या सोन्याची झाक, तोंडात सुईसारखे दात, आणि डोळे असे की त्यांत पापुद्रा धरल्यासारखं पांढरं दिसतं. गोरे पाहुणे त्याला वॉलाय म्हणतात. उजेड त्याला सोसत नाही. भर उन्हात तो खोल तळाशी खडकांच्या सावलीला पडून राहतो, आणि आभाळ भरून आलं, पाण्यावर बारीक लाटा उठल्या, की उथळावर चढतो. दिवा धरला की अंधाऱ्या पाण्यातून ते डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे पेटतात. लहान पोरांना पाण्याकडे जाऊ नये म्हणून त्या डोळ्यांचं भय दाखवत.

ओगा वरवर मिळत नाही, त्याला तळावरच गाठावं लागतं. दोरीला शिशाचं वजन, त्याच्या पुढे हातभर बारीक दोरा, दोऱ्याच्या टोकाला गळ आणि गळाला जिवंत जळू. वजन तळाला टेकवायचं, होडी वाऱ्याबरोबर संथ जाऊ द्यायची, फार वेगानं जायला लागली तर वल्हं उलटं घालून धरायची. दोरी तर्जनीवर घ्यायची आणि ऐकायचं. ओडील याला ऐकणंच म्हणायची. खडकावरून वजन गेलं की बोटाला टकटक लागते, वाळूवर खरखर, चिखलात काहीच नाही, नुसतं मऊ ओझं. ओगा झटका देत नाही. ओलं पान अडकावं तसं दोरीला जरा जड वाटतं, बस्स. तेव्हा घाई करायची नाही. थोडी दोरी सोडायची, त्याला घास नीट घेऊ द्यायचा, आणि मग हलकेच उचलायचं.

वजन बांधायची ओडीलची रीत वेगळी आणि लिअँडरची वेगळी. ओडील भोक पाडलेलं शिसं दोरीत ओवायची. दोरी त्यातून सरकते, त्यामुळे माशाला वजन कळत नाही. लिअँडर शिसं चपटं ठोकायचा आणि एका वेगळ्या कच्च्या दोऱ्यानं खाली लोंबतं बांधायचा. वजन दगडांत अडकलं तर कच्चा दोरा तुटायचा, वजन जायचं, गळ आणि मासा वर यायचे. त्यामुळे ते मासे धरायचे त्या कड्याखाली, तळाशी, त्याचं कितीतरी शिसं पडलेलं होतं. हेस्टर अजून भावासारखंच बांधायची.

"तळाला किती टाकशील?" ओडील विचारायची.

"तळाला काय कमी जागा आहे?"

लिअँडरचा हातही वेगळा होता. ज्यानं त्याच्यासोबत मासे धरले त्या प्रत्येकाला तो माहीत होता. वजन तो नुसतं ओढायचा नाही. दोनदा लागोपाठ हलकं उचलायचा, थांबायचा, मग एकदा. टक-टक, आणि बऱ्याच वेळानं टक. त्याला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं की असं का. एकेकाचं चालणं असतं तसा तो हात होता. हेस्टरला तो जमला नाही, ओडीलनं कधी करून पाहिला नाही.

ज्या कड्याखाली ते सगळे मासे धरायचे तो तळ्याच्या उत्तरेला पाण्यातून सरळ भिंतीसारखा वर गेलेला आहे. हाक मारली की कडा ती परत देतो, स्वच्छ, शब्द न शब्द. तळ्याला नाव त्यावरूनच पडलं. त्या कड्यात माणसं राहतात असं म्हणत. बुटकी, तोंडभर केस असलेली. त्यांच्या होड्या दगडाच्या. जाळ्यांतले मासे चोरतात, आणि कुणी पाठलाग केला तर मान खाली घालून वल्ही मारत थेट कड्यात शिरतात, मागे भिंत जशीच्या तशी. ओडील त्यांच्याबद्दल काही बोलायची नाही. कड्यापाशी पोचली की चिमूटभर तंबाखू त्यांच्या नावानं पाण्यावर सोडायची आणि मगच गळ टाकायची, एवढंच. वस्तीत सगळेच तसं करत.

त्या वर्षी तांदूळ लवकर उरकला. बर्चची पानं पिवळी होऊन गळायला लागली होती. हिवाळ्यासाठी धुरावर वाळवून ठेवायला मासे हवेत म्हणून दोघी दुपारचं जेवण उरकून निघाल्या. आभाळ राखेच्या रंगाचं, वारा मंद. ओग्यासाठी त्याहून चांगली दुपार मिळायची नाही. कड्याखाली पोचल्या, तंबाखू सोडली, आणि दोन फेऱ्यांत होडीच्या तळाशी बरेच मासे झाले. हेस्टर कुणाच्या तरी सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती.

मग वारा पडला. पडला म्हणजे एकदम पडला, दार लोटून घ्यावं तसा. पाणी गुळगुळीत झालं आणि कड्याच्या बाजूनं धुकं आलं. या दिवसांत धुकं पहाटे पडतं, दुपारी नाही. बघता बघता कडा दिसेनासा झाला, मग हेस्टरच्या पलीकडचं होडीचं टोकही दिसेना.

"घरी चल," ओडील म्हणाली.

"आणखी एक धरू. सम होऊ दे संख्या. नांगर टाक, धुकं विरेपर्यंत बसू."

ओडीलनं दोरीला बांधलेला दगड सोडला. होडी थांबली. तिनं आपला गळ खाली सोडला आणि बोटावर दोरी घेतली. तळ लागला. मग दोरी जड झाली, ओलं पान लागल्यासारखी. तिनं थोडी सोडली आणि हलकेच उचलली.

ओझं होतं, पण जिवंत नव्हतं. तिनं एकामागून एक हात टाकत दोरी वर घेतली. गळावर दुसरी एक दोरी आडवी अडकून आली होती. गडद हिरवी, पिळाची, जाड. तशी दोरी दुकानात मिळायची बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती एका बाजूला खोल पाण्यात गेलेली आणि दुसऱ्या बाजूला कड्याकडे, धुक्यात.

"कुणाची तरी तुटलेली," हेस्टर वळून म्हणाली. "कापून टाक."

ओडीलनं ती बोटांत धरली होती. पाण्यात पडून राहिलेल्या दोरीवर शेवाळ चढतं, बुळबुळीत लागते. ही स्वच्छ होती, आत्ताच फिरकीवरून सोडल्यासारखी. आणि ती सैल नव्हती.

"वहिनी? काय झालं?"

होडी नांगरलेली होती, पाणी हलत नव्हतं, वारा नव्हता. आणि ओडीलच्या बोटाला लागलं. टक-टक. बराच वेळ काहीच नाही. मग एकदा, टक.

"धर," ती म्हणाली. तिनं दोरी सरकवत सरकवत पुढे हेस्टरच्या हातात दिली.

हेस्टरनं ती धरली. तिच्या ओठांवर काहीतरी चेष्टा आलेली होती ती तशीच राहून गेली. तिनं दोरी गालाला लावली, डोळे मिटले. ओडील तिच्या पाठीकडे बघत होती. पाठ हळूहळू वाकत गेली, लहान पोराला पाठुंगळीवरून उतरवताना वाकते तशी.

"हा दादाचा हात आहे," हेस्टर म्हणाली.

"गप्प बस."

"तू पण ओळखलास. म्हणून मला दिलीस."

हे खरं होतं.

हेस्टरनं दोरी दोनदा हलकेच उचलली, थांबली, मग एकदा. आयुष्यात तिला तो हात कधी जमला नव्हता, तेव्हा जमला. दोघी वाट बघत राहिल्या. खालून उत्तर आलं. या वेळी दोरी पाण्यातून वर येऊन थरथरली, ते ओडीलला मागून डोळ्यांनी दिसलं. टक-टक. टक.

"लिअँडर!" हेस्टर ओरडली. "दादा! मी आहे, दादा!"

ती कड्याच्या अगदी खाली होती. तिथे खोकलं तरी कडा खोकतो. पण कड्यानं हाक परत दिली नाही. शब्द गेला तो गेलाच, कुणीतरी तो आत ठेवून घेतल्यासारखा. ओडीलला त्या दोरीपेक्षा या गप्प कड्याचं भय जास्त वाटलं.

मग दोरी चालू लागली. झटका नाही, हिसका नाही, सावकाश आणि एकसारखी, कुणीतरी बसल्या जागी गुंडाळत असावं तशी ती कड्याकडे जायला लागली. हेस्टरनं ती मनगटाला एक वेढा देऊन धरली होती. होडीचं पुढचं टोक वळलं. मागे नांगराची दोरी ताणली गेली, होडी दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये अडकली आणि पुढून खाली दबायला लागली.

"वेढा काढ," ओडील म्हणाली. "हेस्टर, मनगटाचा वेढा काढ."

"ओढतोय तो. मला ओढतोय, वहिनी. त्याला माहीत आहे मी आहे ते."

"होडी भरेल."

"भरू दे."

पाणी काठावरून आत आलं, जिभेसारखं पातळ. मेलेले मासे त्यात सरकले. अशा होडीत उभं राहायचं नसतं. ओडील गुडघ्यांवर पुढे सरकली, माशांवरून, पाण्यातून, आणि हेस्टरच्या मागे पोचली. मासे साफ करायची सुरी तिच्या हातात होती. दोरी समोर ताणलेली, हातभर अंतरावर. एक घाव घातला असता तर काम झालं असतं. तिनं सुरी उचलली आणि तिचा हात पुढे जाईना. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्याला फक्त मोकळं व्हायचंय. आत्ता तिला कळलं की त्या टोकाला जो कुणी बसला होता त्याला कापून टाकणं तिलाही जमणार नाही.

तिनं कपाळ हेस्टरच्या पाठीला टेकवलं.

"सोड," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, हेस्टरच्या कानाशीच. "सोड गं."

"नाही."

आणि तेव्हा कडा बोलला.

"सोड."

इतका वेळ गप्प असलेला कडा. हेस्टरची किंकाळी त्यानं परत दिली नव्हती, आणि हे कुजबुजलेलं दिलं. ओडीलचाच आवाज उलटून आला असेल. तसं म्हणणारे नंतर पुष्कळ भेटले, आणि ओडीलनं त्यांना विरोध केला नाही. पण तो आवाज कुणाचा होता हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, हाल्वोरलासुद्धा नाही.

हेस्टरचं मनगट आपोआप फिरलं. वेढा सुटला, दोरी तिच्या तळव्यातून कातडी सोलत गेली आणि काठावरून पाण्यात उतरली. खाली बुडाली नाही. ताठ, पाण्याच्या पृष्ठभागाखालून, कड्याकडे गेली. होडीचं टोक उसळून वर आलं. दोघी पाण्यात आणि माशांत बसून राहिल्या.

सोललेला तळवा पाण्यात बुडवून हेस्टर म्हणाली, "थकलेला वाटला, नाही गं?"

"हो," ओडील म्हणाली.

तिनं डब्यानं होडीतलं पाणी उपसलं, नांगर वर घेतला, आणि कुठल्या बाजूला काठ आहे ते न बघताच वल्हं मारायला लागली. धुकं होतं तसंच होतं. वस्तीतल्या कुत्र्यांचा आवाज आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की हेस्टर सगळा वेळ एक शब्दही बोललेली नाही.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. हाल्वोर मोटारबोट घेऊन आला, सोबत त्याच्या टोळीतली दोन माणसं आणि लोखंडी आकडे. दिवसभर त्यांनी कड्याखालचा तळ विंचरला. पाण्याच्या रेषेवर कड्याला एक भेग होती, जेमतेम मूठ जाईल एवढी. हाल्वोरनं तिच्यात हात घालून पाहिलं. आत नुसतं थंड पाणी होतं. आकड्यांना लागलं ते शिसं, चपटं, हातानं ठोकलेलं, जुन्या दोऱ्यांच्या जाळ्यात गुरफटलेलं. ते तिथे असणारच होतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. हिरवी दोरी सापडली नाही.

"उद्या पुन्हा येऊ?" त्यानं काठावर उतरल्यावर विचारलं.

हेस्टर तिथेच उभी होती, तळव्याला फडकं बांधून. "नको," ती म्हणाली. "त्याला किती त्रास द्यायचा."

दोन दिवस ती आपल्या खोपटातून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ओडीलला धुराचा वास आला. बाहेर बघते तर हेस्टर अंगणात चूल पेटवून बसलेली. मोठ्या भांड्यात जंगली तांदूळ रटरटत होता, दुसऱ्यात ओग्याच्या डोक्यांचा रस्सा. तव्यात बॅनक, म्हणजे मैद्याची जाड भाकरी, फुगत होती.

"एवढं कशाला?" ओडीलनं विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं.

"बोरं आण. वाळवलेली निळी. त्याला भाकरीत आवडायची," हेस्टर भांड्यातून नजर न काढता म्हणाली. "आणि साखर आण. चहा गोड लागतो त्याला. तुझ्यासारखा कडू नाही."

वस्तीतली माणसं आली. ज्यांनी विनिपेगची गोष्ट वर्षानुवर्षं चघळली होती तीही आली, आणि मान खाली घालून जेवली. सगळ्यांच्या आधी हेस्टरनं एक ताट वाढलं, प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं, वर तंबाखू ठेवली, आणि ते ताट विस्तवापाशी नेलं. तिथे ती थांबली. ओडीलला वाटलं, ही परत फिरते की काय. हेस्टरनं ताट विस्तवात उलटं केलं. धूर सरळ वर गेला, मग तळ्याकडे वाकला.

"जेव, दादा," ती म्हणाली. "आणि पाठ टेक आता."

मग तिनं ओडीलला ओंडक्यावर बसवलं आणि तिचे केस सोडले. त्यात पांढरे किती झाले होते ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. हेस्टरचा एक हात दुखत होता, तरी तिनं दुसऱ्याला विंचरू दिलं नाही. गुंता लागला तिथे तिनं चांगला हिसका दिला.

"आई गं!"

"इतकी वर्षं केसांकडे बघितलं नाहीस, मग दुखणारच." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तिनं फणी खाली ठेवली. "आमच्याकडची मीच आहे," ती म्हणाली. "मी सांगते. तू मोकळी आहेस, ओडील."

वहिनी म्हणायचं तिनं टाळलं होतं. ओडील त्या ओंडक्यावर बसून रडली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि कुणी तिला थांबवलं नाही.

बर्फ पडायच्या आत ती हाल्वोरच्या घरी राहायला गेली. स्टेशनवर पाद्री उतरला त्या दिवशी लग्न लागलं. संसार चांगला झाला, म्हणजे दोघं भांडायची ती फक्त चिजावरून. हाल्वोर त्याच्या देशाचं तपकिरी गोड चीज मागवायचा, ओडीलला ते साबणासारखं लागायचं. हेस्टर दर रविवारी रुळावरून चालत यायची, त्याच चिजाचे दोन जाड तुकडे खायची आणि याला काही चव नाही असं सांगून तिसरा घ्यायची. हाल्वोरला ती भावोजी म्हणायला लागली, ते त्याला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.

मासे दोघी अजून धरायच्या, पण तळ्याच्या दक्षिणेला, उथळावर. तिथला ओगा बारका. एका उन्हाळ्यात हाल्वोरच म्हणाला, मोटारबोट आहे, आभाळ भरलंय, कड्याखाली जाऊन चांगले दांडगे का आणत नाही?

ओडील माशाची खवलं काढत राहिली.

"नको, भावोजी," हेस्टर म्हणाली. तिनं वण पडलेला तळवा उलटा करून एप्रनला पुसला. "त्या कड्यात गर्दी असते."